तिसरी घागर

केवळाबाईनं सकाळी आडावर येऊन आधी दोराला हात लावला. दोर ओला होता. काल दुपारनंतर तिनं पोहरा सोडला नव्हता, आणि चैताच्या उन्हात वाळलेला दोर आपसूक ओला होत नाही. पहाटे कुणीतरी येऊन पाणी शेंदून गेलं होतं.

लातूर जिल्हा होऊन दोन वर्षं उलटली होती. कचेऱ्या आल्या, नव्या पाट्या लागल्या. गावात पाणी तेवढं यायचं राहिलं. केवळाबाईच्या आडात हातभर पाणी होतं आणि गोठ्यातली म्हैस भरल्या दिवसांची होती. आड आटला तर तिला व्यायच्या आधीच बाजार दाखवावा लागणार, अशी केवळाबाईला धास्ती होती.

तिचा संशय सरळ शेजारच्या सरजाबाईवर गेला. सरजाबाई ख्रिस्ती. नवरा शमुवेल लकवा मारून अंथरुणाला खिळलेला. सरजाबाईनं दोराला शिवायचं नाही, हा पूर्वीपासूनचा रिवाज. केवळाबाईच रोज दोन घागरी शेंदून तिच्या भांड्यात वरून ओतायची.

"दोन घागरीत भागतंय का गं?" तिनं खडा टाकून पाहिला.

"देवाची दया हाय, केवळाबाई."

हेच तिला खटकलं. पावसासाठी महादेवाला पाण्यात कोंडायलासुद्धा गावात पाणी उरलं नव्हतं, जो तो देवाच्या नावानं बोटं मोडत होता, आणि ही बाई रोज तिन्हीसांजेला मोठ्यानं 'उपकार, देवा, उपकार' म्हणायची. अडलेला माणूस देवाजवळ मागतो. उपकार मानतो त्याला नक्की काहीतरी मिळालेलं असतं. काय मिळालं, ते दोर सांगतच होता.

"चोरायली ती," केवळाबाई नवऱ्याला म्हणाली. "एक डाव सापडू द्या. तिच्या घागरीच बंद करते."

शेषेराव म्हशीपुढं कडबा टाकत होता. "असं एकदम करू नगस," एवढंच तो म्हणाला.

त्या दिवशी दिवे लागायच्या वेळी केवळाबाई दबक्या पावलानं सरजाबाईच्या दाराशी जाऊन उभी राहिली. चार शिव्या तिनं ओठावर तयार ठेवल्या होत्या. आत ताटलीत एकच भाकर होती, दोघांत मोडलेली. शमुवेल भिंतीला टेकवून बसवलेला. त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून सरजाबाई डोळे मिटून खणखणीत आवाजात बोलत होती.

"बापा, आजची भाकर दिलीस, तुझे उपकार. केवळाबाईच्या हातानं दोन घागरी दिल्यास, तुझे उपकार. तिची म्हस सुखानं मोकळी होऊ दे."

केवळाबाई चपापली. आपल्या म्हशीचं नाव या देवाच्या कानावर कधीपासून पडत होतं, कोण जाणे.

"आन् बापा, ती तिसरी घागर. यांचं हातरूण त्याच पान्यानं धुते मी. शेषेराव अनवानी येतेत, पायाचा आवाज होऊ देत न्हाईत, घागर रिती करून जातेत. बायकूला सांगायला भेतेत. त्यांचं भलं कर. आन् केवळाबाईच्या वाट्याचं पानी तिला न सांगता घ्यायले, त्याची मला क्षमा कर. आमेन."

तिनं डोळे उघडले आणि दारात केवळाबाई दिसताच तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुमी… कवा आलाव?"

"आत्ताच," केवळाबाई म्हणाली. "जेवा. भाकर वाळायली."

घर वीस पावलांवर होतं, पण तिला वाटेत थांबावं लागलं. तिला भयंकर राग आला होता. पाणी गेलं त्याचा थोडा. जन्माच्या जोडीदाराला आपल्याला सांगायचं भ्या वाटावं, याचा जास्त. आणि भ्यायला कारण नव्हतं, असंही तिला म्हणता येईना.

शेषेराव ओट्यावर बसला होता. "कुठं गेलतीस?"

"सरजाबाईकडं."

विडी पेटवता पेटवता त्याचा हात थांबला. "काय म्हणली?"

"मला काय म्हनती? देवाशी बोलायली होती."

काडी बोटापर्यंत जळत आली, तेव्हा त्यानं ती झटकली.

केवळाबाई घागर उचलून आत निघाली. उंबऱ्यात थांबून, पाठमोरीच म्हणाली,

"पहाटं जाताना पायात वहाना घालून जात जावा. तिच्या दारात काटे लई हायत."