दुखतंय म्हण की

“दुखतंय का गं?” डॉक्टरांनी मायाक्काचा गुडघा दाबत विचारलं.

“न्हाय,” ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं.

बिरप्पा धनगर अवघडून हसला. लेकीला खांद्यावर घेऊन तो माळावरून सोलापूरच्या दवाखान्यात आला होता. “लई सोसती, सायेब. सकाळी गिरणीचा भोंगा झाला तरी लाकडावानी पडून असती. दुपारी बगावं तर कोकरामागं पळती. लोक म्हंत्यात, नाटकी हाय.”

“आणि हे डाग कसले?”

“म्याच दिल्यात की!” मेंढरू लंगडो की माणूस, बिरप्पाची तापलेली सळई टेकली की दुखणं पळालंच, असा माळावर तिचा बोलबाला होता. बिरप्पालाही त्याचा तोरा होता. “डाग दिल्यापासनं ‘दुखतंय’ म्हणून एकदाबी म्हणली न्हाय बगा.”

“म्हणेल कशी? म्हटलं की तुम्ही सळई तापवणार.”

बिरप्पाचं हसू मावळलं.

“लहान मुलांनाही संधिवात होतो,” डॉक्टर म्हणाले. “मध्येच बरं वाटतं, पुन्हा सुजतं. वर्षानुवर्षं चालतं. डागून काही होत नाही. औषध देतो. सकाळी शेक द्या, हातपाय हलते ठेवा. पण कुठं दुखतंय ते तिनं सांगायला हवं. नाहीतर सांधे आखडतील आणि आपल्याला कळणारही नाही.”

 घरी पोहोचल्यावर बिरप्पाने लेकीसमोरच सळई विहिरीत टाकली.

दुसऱ्या दिवशी भोंग्याला त्याने शेकोटी पेटवली. जाळ दिसताच मायाक्का भिंतीला चिकटली. “आबा, आज न्हाय दुखत! खरंच न्हाय!”

 बिरप्पाने जाळावर घोंगडी धरली, आधी स्वतःच्या गुडघ्यावर टेकवली आणि मग तिच्या. ती डोळे घट्ट मिटून बसली होती.

मग रोज तेच. “दुखतंय का गं, माय?” “न्हाय.” मायाक्काची आई म्हाळसाबाई चुलीपाशी बसून नवऱ्याकडे नुसती बघायची.

एका सकाळी मायाक्का घोंगडीचं टोक धरून हळूच म्हणाली, “आबा, ह्यो डावा लई दुखतोय.”

बिरप्पाने पटक्याच्या शेवाने डोळे टिपले. “व्हय? सांग की. आजून कुटं?”

तिने दुसरा गुडघा दाखवला. मग घोटे. मग मनगट. मग एकेक बोट.

बिरप्पा घोंगडी तापवत राहिला.