मचूळ पाणी

मेलेल्या भातरोपांच्या कुंड्यांचे नंबर वहीत उतरवताना ऊर्मीच्या डोक्यात अजून तिडीक उठत होती. चोवीसपैकी बारा रोपं गेली होती. फिल्टर बंद पडल्यावर हरितगृहातल्या सुब्बाने तिला न विचारता आठवडाभर बोअरचं मचूळ, खारट पाणी घातलं. तिने तडक लेखी तक्रार केली आणि अकरा वर्षं कंत्राटावर राबलेल्या माणसाला तिचे गाईड गुरुमूर्ती सर यांनी दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं.

चार वर्षं ती भाताच्या डीएनएतल्या एका तुकड्यामागे लागली होती. त्यापासून प्रथिन बनत नाही, पण भात, गहू, ज्वारी सगळ्यांत तो कोट्यवधी वर्षं जसाच्या तसा टिकलाय. म्हणजे तो कुठलं तरी जनुक चालू-बंद करत असणार. तिने तो कापून टाकला, तरी रोपं आपली मजेत वाढत राहिली. पीएचडी तिथेच अडली होती.

बघणाऱ्याची नजर फसू नये म्हणून कुंड्यांवर नुसते नंबर घालायचे आणि तुकडा कापलेली रोपं कोणती, याची यादी वेगळी ठेवायची, अशी तिथली पद्धत. निदान नोंद तरी पुरी करावी म्हणून तिने यादी उघडली.

मेलेली बाराच्या बारा रोपं तुकडा कापलेली होती. साधं एकही मेलं नव्हतं. तुकड्याचं काम खाऱ्या पाण्यातच होतं, आणि ही बाई चार वर्षं रोपांना गाळलेलं गोड पाणी पाजत बसली होती!

सर खूष झाले. खारं पाणी ठरवूनच दिलं असं प्रबंधात लिही, म्हणाले. सुब्बाचं काय, तिने विचारलं. तक्रार मागे घ्यायची तर त्याच्या चुकीतूनच हे सापडलं असं कारण लिहावं लागेल, मग ठरवून कसलं, असं ते म्हणाले. फेलोशिपचा एकच महिना उरला होता, पुन्हा प्रयोग करायला वेळ नव्हता. ती गप्प बसली. लाज वाटली, पण बसली.

पाणी किती घातलं ते मात्र फक्त सुब्बाला ठाऊक होतं. चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या आपल्या खोलीवरून तिने त्याला फोन लावला. तो आता शहराबाहेर गुम्मिडिपूंडीच्या एका कारखान्यात माल उचलत होता. कशाला हवंय, हे त्याने विचारलं नाही. सात दिवस, सकाळी सहाला, कुंडीला एक मग, असं त्याने नीट सांगितलं. तिने लिहून घेतलं.

"मॅडम," तो तमिळमध्ये म्हणाला, "माझ्यामुळे तुमची चार वर्षं वाया गेली. माफ करा मला."

ऊर्मीने पेनाला टोपण लावलं.

"असू द्या, अण्णा," ती म्हणाली. "केलं माफ."