करार संपला, जिना राहिला

मित्रांनो, बडनेऱ्यातल्या भगवंतरावांच्या घराला बाहेरून जोडलेला मी एक जुना लोखंडी जिना आहे. वरच्या खोलीत जायला माझ्यावाचून दुसरी वाट नाही. गोवर्धन वेल्डरने मला अंगणातच घडवले आणि माझे वरचे टोक दोन जाड बोल्टांनी भिंतीला जखडले.

वरची खोली नसीमबानोंनी शिवणवर्गासाठी भाड्याने घेतली. जिन्याची निगा राखायची आणि काही मोडले तर मालकाला कळवायचे, असे करारात होते. त्यांनी ते पाच वर्षे मनापासून पाळले. दर उन्हाळ्यात त्या मला खरवडून हिरवा रंग लावत. नव्या मुली माझे कौतुक करत, तेव्हा मी सुखावून जाई.

मार्चमध्ये करार संपला. नसीमबानोंनी वर्गासाठी अमरावतीत घेतलेली नवी जागा तयार नव्हती, म्हणून वर्ग इथेच चालू राहिला. त्या उन्हाळ्यात मात्र रंग आला नाही. पुढे वरच्या मोरीचा पाइप फुटला आणि पाणी थेट माझ्या बोल्टांवर ठिबकू लागले.

"आता जायचंच हाय, तं दुरुस्ती कायले करू?" नसीमबानो स्वतःशीच म्हणाल्या.

भगवंतराव खालून जाता-येता ती ओल पाहत आणि तोंड फिरवून घरात शिरत.

गंज मला आतून खाऊ लागला. सकाळी फाटकाशी मुलींच्या चपला वाजल्या की मला धडकी भरे. आज कोणाच्या पायाखाली मी सुटेन? मी करकरत होतो. जुना जिना करकरणारच, असे सगळ्यांना वाटे.

ऑगस्टमधल्या एका दुपारी वर्गातली माहेनूर घरी निघाली. तिला सातवा महिना होता. ती वरून दुसऱ्या पायरीवर आली आणि माझा एक बोल्ट तुटून खालच्या फरशीवर टणकन आपटला. मी भिंतीपासून चार बोटे सुटलो.

"हलू नको, बेटी!" नसीमबानो किंचाळल्या. उंबऱ्याशी पालथ्या पडून त्यांनी तिचे मनगट पकडले. भगवंतराव धावत आले आणि त्यांनी मला खालून खांदा लावला.

"म्या धरलं हाय! वर घ्या तिले!"

उरलेला बोल्ट सरकत होता. मी सगळा जीव त्याच्यात एकवटला. मुलींनी माहेनूरला ओढून आत घेतले. मग चौदा जणी वर अडकून पडल्या. गोवर्धनने येऊन मला टेकू लावले, तेव्हा कुठे त्या एकेक करून उतरल्या. सर्वांत शेवटी नसीमबानो आल्या.

"काकाजी, चूक माही हाय. पाइप फुटला, पण तुमाले सांगितलंच नाही."

"मले काय दिसत नव्हतं, बाई? म्याच तोंड फिरवलं," भगवंतराव खाली मान घालून म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी दोघांनी मिळून पाइप आणि बोल्ट बदलून घेतले. पुढे जागा सोडताना नसीमबानोंनी भगवंतरावांना माझी एकेक पायरी दाखवली आणि मगच किल्ली त्यांच्या हाती दिली. मी आज भक्कम आहे, तरी पाऊल पडले की आतून थरथरतो.

मित्रांनो, कराराची तारीख आम्हाला वाचता येत नाही. तुम्ही राहता तोवर आम्ही तुमचे ओझे पेलत असतो. म्हणून जागा उद्या सोडायची असली, तरी आज काही मोडलेले दिसले तर आजच मालकाला हाक मारा. वर कोणीतरी असते.