प्रसादाची मुलगी

वासंती मोहरील कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ट्रेसर होती. इंजिनियरांनी पेन्सिलीने काढलेली ड्रॉइंगं ट्रेसिंगच्या कापडावर शाईने उतरवायची, आठ तास, मान खाली घालून. वडील छप्पन्न साली, राजधानी हलली तेव्हा, सचिवालयाबरोबर नागपूरहून भोपाळला आले आणि सहा वर्षांत वारले. मग वासंतीला ही नोकरी लागली, पिपलानीला, कारखान्याच्या वसाहतीत, दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं आणि ती आणि आई सुशीलाबाई तिथे राहू लागल्या. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात, बत्तिसाव्या वर्षी, तिला चौथा महिना लागलाय हे आईच्या लक्षात आलं.

"कोण?" सुशीलाबाईंनी एकदाच विचारलं.

वासंती उठून आत गेली. तो यशवंत नावाचा ड्राफ्ट्समन होता. फेब्रुवारीतच दुसऱ्या गावी बदली घेऊन गेला होता, आणि तिथे त्याची बायको होती हे तिला त्याच्या जाण्यानंतर कळलं. तिने दोन पत्रं टाकली. उत्तर आलं नाही.

सुशीलाबाई एक दिवस भिंतीकडे तोंड करून निजून राहिल्या. दुसऱ्या दिवशी उठून त्यांनी उज्जैनला धाकट्या भावाला तार केली. नरहरमामा शाळेत संस्कृत शिकवायचे. ते पिशवी घेऊन आले, चहा प्यायले, सगळं ऐकलं आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"नरहर, तू एवढं वाचलंस," सुशीलाबाई म्हणाल्या, "पुराणात अशा पोरींचं काय करतात?"

"पुराणात देव येतो, अक्का. कुंतीकडे सूर्य आला. सत्यवतीला ऋषीने मूलही दिलं आणि कुमारीपणही परत दिलं. ख्रिस्ती लोकांत मेरी आहे. बुद्धाच्या आईच्या स्वप्नात पांढरा हत्ती आला म्हणतात. सगळ्या मुलखांत आहे हे."

"खरं असेल?"

"पंडित खूप काही सांगतात. कुणी म्हणतं राजांचं मोठेपण वाढवायला रचलं. कुणी म्हणतं एका भाषेतून दुसरीत जाताना 'तरुण मुलगी'ची 'कुमारी' झाली." मामांनी चष्मा घातला. "मला आपलं वाटतं, प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी कुणीतरी आई बसलेली असणार. पोरीचं आता काय करू, म्हणून."

"मग मी बसलेय," सुशीलाबाई म्हणाल्या.

माघात दोघी मायलेकी ओंकारेश्वरला गेल्या होत्या, हे खरं होतं. नर्मदेत स्नान केलं, पुजाऱ्याने वासंतीच्या ओटीत नारळ घातला, हेही खरं होतं. सुशीलाबाईंनी फक्त पुढचं जोडलं. तो नारळ वासंतीने एकटीने खाल्ला आणि त्या रात्री तिला अंगावरून पाणी वाहत गेल्यासारखं वाटलं, आणि त्या प्रसादानेच दिवस राहिले. आतल्या खोलीत वासंती हे ऐकत होती. बाहेर येऊन नाही म्हणण्याएवढं बळ तिच्यात नव्हतं. खरं म्हणजे तिला बरंच वाटलं.

सुशीलाबाईंनी ही गोष्ट आधी शेजारच्या कमलताईंना सांगितली. आठवड्याभरात ती अख्ख्या ब्लॉकभर झाली. कितीजणांनी खरी मानली कोण जाणे. पण तिथे सगळेच बाहेरून आलेले, कुणाचे भाऊबंद नाहीत, जाब विचारणारं वडीलधारं माणूस नाही. शिवाय त्या ब्लॉकमधल्या निम्म्या बाळंतिणींना सुशीलाबाईंनी न्हाऊमाखू घातलेलं. त्यांच्या तोंडावर खोटं म्हणायला कुणी धजलं नाही. ऑफिसातल्या काशिनाथ बाबूंनी रजेच्या अर्जावर आपणहून 'आजारपण' असं लिहून टाकलं.

दिवाळीच्या आधी मुलगी झाली. नरहरमामा बघायला आले आणि हळूच म्हणाले, "अक्का, जरा पंचाईत आहे. देवाकडून होतात ते सगळे मुलगेच. सीता, द्रौपदी आहेत, पण त्यांना जन्म देणारी आईच नव्हती."

"हिला आहे," सुशीलाबाई म्हणाल्या. नाव ठेवलं रेवा, नर्मदेचंच.

गोष्ट तिथेच थांबली असती तर वासंतीने ती निभावून नेली असती. पण रेवा वर्षाची झाली आणि पहिली बाई आली. तिला मूल होत नव्हतं. तिने रेवाला मांडीवर घेतलं, डोळे मिटले, वासंतीच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या बाईला पुढे दिवस गेले. मग शुक्रवार ठरून गेला.

दर शुक्रवारी वासंती पाच वाजता दमून परतायची. बोटांना शाई, मानेत ठणका, आणि दाराशी चपलांची रांग. हातपाय धुवायचे, पांढरी साडी नेसायची, पाटावर बसायचं. रंगीत साड्या आईने ट्रंकेत टाकल्या होत्या. "लोक काय म्हणतील? नारळाचं पोर आणि लाल काठ?" कँटीनमध्ये कुणी पुरुष तिच्या टेबलाशी बसत नसे. एकदा एका नवीन माणसाने तिला सहज चहा विचारला, तेव्हा बाकीच्यांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू तो चपला घालून गाभाऱ्यात शिरला होता. वासंतीला वाटे, लोकांनी शिव्या दिल्या असत्या तर एव्हाना विसरलेही असते. ही पूजा काही संपत नव्हती.

सत्त्याहत्तरच्या पावसाळ्यात नेहरू नगरहून वंदना येऊ लागली. लग्नाला आठ वर्षं झालेली, नवरा प्रभाकर गोविंदपुऱ्यातल्या एका लहान कारखान्यात. दोन बस बदलून ती यायची आणि रेवाला मांडीवरून उतरू द्यायची नाही. चौथ्या शुक्रवारी बाकीच्या बायका गेल्यावर ती म्हणाली, "ताई, मी डॉक्टरीणबाईंची औषधं बंद केली. त्या ऑपरेशन सांगत होत्या. म्हटलं, इकडे श्रद्धा ठेवायची आणि तिकडे पोट कापून घ्यायचं, दोन्ही कसं चालेल?"

वासंतीने रेवाला तिच्या मांडीवरून उचललं आणि खाली खेळायला पाठवलं. मग दार लोटलं.

"वंदना, तुम्ही परत डॉक्टरांकडे जा. ही प्रसादाने झालेली नाही. माझ्या ऑफिसात एक माणूस होता. तो गेला. जशी सगळ्यांना मुलं होतात तशीच ही झाली."

वंदनेने विचारलं, "तुम्ही माझी परीक्षा घेताय?"

"नाही हो. मी दमलेय."

वंदना उठली. तिने पदर सावरला. "मग मी आठ आठ मैलांवरून येऊन कुणाच्या पाया पडत होते? आणि हे मला कशाला सांगितलंत? दुसऱ्या कुणाला सांगायचं होतं." ती छत्री विसरून पावसातच निघून गेली.

सुशीलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"झालं तुझं समाधान?"

"आई, तिने औषध सोडलं होतं."

"ऐकलं मी." त्या भिंतीला धरून खाली बसल्या. सहा वर्षांत त्या किती वाकल्या होत्या, ते वासंतीला त्या संध्याकाळी दिसलं. "मला काय हौस होती? मला तू जिवंत हवी होतीस. त्या वर्षी मी विहिरीजवळून सुद्धा तुला एकटीला जाऊ देत नव्हते. तुला ठाऊक तरी आहे?"

वासंतीला ठाऊक नव्हतं. ती आईशेजारी बसली. दिवा लावायचं दोघींच्याही जिवावर आलं होतं.

"पुढच्या शुक्रवारी काय करणार आहेस?" आईने विचारलं.

"येईल तिला सांगणार."

"मी दार उघडायला उठायची नाही."

"नको उठूस."

तिने सांगितलं. एकेकीला, दारातच, पांढरी साडी न नेसता. एक बाई रडली. एकीने कानांवर हात ठेवले. दोघी म्हणाल्या, देवाच्या माणसांची ही लीनताच असते, आणि तरीही पाया पडून गेल्या. त्यांना कसं समजावायचं ते वासंतीला कळेना. पण बातमी फिरली. खालच्या मजल्यावरच्या बाईने मुलांना वर पाठवणं बंद केलं. कमलताई मात्र येत राहिल्या. "मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ग," एवढंच म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या. सुशीलाबाईंनी भजनाला जाणं सोडलं. नवरात्र येईपर्यंत दाराशी घरच्याच चपला उरल्या.

वंदनेचा नवरा छत्री न्यायला आला. त्याने दारातूनच सांगितलं की ऑपरेशन झालं, पुढचं देवाच्या हाती. वंदनेने निरोप काही दिला नव्हता.

रेवाला सांगायचं राहिलं होतं. एका रविवारी, तिला न्हाऊ घालून केस पुसताना, वासंतीने साध्या शब्दांत सांगितलं की तू नारळातून आलेली नाहीस, तुला बाबा होते, ते आपल्याजवळ राहिले नाहीत.

"मला शाळेत काय सांगायचं?"

"हेच."

टॉवेलातून रेवाचं तोंड दिसत नव्हतं.

"मग आता शुक्रवारी मला कुणाच्या मांडीवर बसावं लागणार नाही ना?"

"नाही."

"त्या बायका फार घट्ट धरायच्या," रेवा म्हणाली, आणि केस ओले असतानाच खाली पळाली.