नखाएवढं कातडं

डॉक्टर करणसिंगांनी हिलालची खालची पापणी अंगठ्याने ओढली आणि त्याचं तोंड उजेडाकडे वळवलं. आतून पांढरीफटक. पुन्हा पुन्हा रक्त चढवूनही ते पोराच्या अंगात टिकत नव्हतं. हाडांतली मज्जाच सुकली होती, नवं रक्त येणार कुठून?

मुंबईच्या प्रयोगशाळेत करणसिंगांनी उंदरांवर उमेदीची सारी वर्षं घालवली होती. एकाची मज्जा काढायची, दुसऱ्याला द्यायची. परकी मज्जा शरीर हाकलून लावतं, एवढं उंदरांनी मरून मरून शिकवलं होतं. माणसांत वाट एकच होती, हुबेहूब जावळा, जुळा भाऊ. म्हणजे एकाच गर्भाचे दोन झालेले. सुट्टीत तापीकाठच्या गावी यावं, तर शेजारच्याच आळीत हा रोगी.

"कमलमाय, हिलालसंगे आखो कोनी जलमेल व्हतं का? जावळं?"

"नही भाऊ. मले येकच पोऱ्या."

कमलबाईंनी पदर ओढून घेतला. तेवढ्यात शेजारच्या फुलवंताबाईंचा भिकन दुधाचा तांब्या घेऊन आत आला. तेच नाक, तीच हनुवटी. जणू धडधाकट हिलालच दारात उभा. साऱ्या गावाला ठाऊक आणि साऱ्या गावाची अळीमिळी गुपचिळी!

करणसिंग याच मातीतले. भिकन हे नाव कसं पडतं, ते त्यांना कुणी सांगायला नको होतं. कमलबाईंची आधीची लेकरं पाळण्यातच गेली होती. मग जावळे झाले, तेव्हा निदान एक तरी जगावा म्हणून त्यांनी एकाला सुपात घालून फुलवंताबाईंच्या ओट्यावर ठेवलं. तिने तो भीक म्हणून उचलला. आईने त्याला पुन्हा आपला म्हणायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही. नाहीतर मरणाला पत्ता लागतो. वीस वर्षं या बाईने तो शब्द पाळला होता.

करणसिंगांना राग आला. असल्या समजुतीपायी पोरगं मरू द्यायचं? चार खडे बोल ओठांवर आले. पण समोरची बाई खुळी नव्हती. तिच्या हिशेबी एकाला वाचवायचं तर दुसऱ्याला मरणाच्या तोंडी द्यायचं होतं. शिवाय चेहरे फसवतात. तिने कबूल केलं असतं, तरी त्यांना खात्री करून घ्यावीच लागली असती.

"तू काहीच बोलू नको, माय," ते म्हणाले. "आपन कातडीले इचारूत."

भिकनमागोमाग आलेली फुलवंताबाई ते ऐकून त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहिली.

"त्याले मन्हापाइन लई जाशात का?"

"नही. नखाइतलं कातडं लागस. भिकन तुन्हाच ऱ्हाई."

भिकनने सदऱ्याची बाही वर केलीच होती. तो फुलवंताबाईंकडे बघून म्हणाला,

"माय, दे ना."

नंदुरबारच्या दवाखान्यात त्याच्या दंडाचं कातडं हिलालच्या दंडावर शिवलं. परकं असेल तर काळं पडून गळेल, जावळ्याचं असेल तर जगेल. करणसिंगांनी तार करून सुट्टी वाढवून घेतली. रोज ते दहादा पट्टी बघून यायचे. उंदरांच्या वेळी असं कधी झालं नव्हतं.

अखेर पट्टी निघाली. कातडं गुलाबी होतं. बोटाने दाबलं की फिकं पडायचं, सोडलं की रंग परत यायचा. करणसिंगांना हसावं की रडावं कळेना.

"कलम धरी लिधं," ते म्हणाले. "आते मज्जाबी धरी. दोन्हीस्ले मुंबईले लई जास."

फुलवंताबाईने भिकनचा सदरा मुठीत धरला. कमलबाई मात्र खाटेजवळ आली. तिने आधी दाराशी उभ्या असलेल्या भिकनकडे पाहिलं, मग हिलालच्या दंडाकडे.

"हाई कातडं आते कोनं शे, भाऊ?"

करणसिंगांनी हिलालचा दंड तिच्याकडे वळवला.

"हिलालनं," ते म्हणाले.

"मंग मन्हा पोऱ्यानं शे."

तिने त्या नखाएवढ्या जागेवर बोट ठेवलं. हलकेच फिरवलं. मग खाली वाकून तिथे गाल टेकला आणि बराच वेळ तशीच राहिली.

दारात भिकनने आपला दंड हाताने झाकून धरला होता.