मिस्टर बीवन यांची दोनची वेळ

इंग्लंडमधल्या लडलो गावी, शनिवारच्या बाजारात एक उंच, देखणा माणूस ग्वेंडाच्या समोरून गेला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही ओळख नसल्यासारखी पुढे गेली. शेजारून चालणाऱ्या तिच्या नवऱ्याच्या, क्लिफर्डच्या, पोटात तिथेच दुखायला लागलं. दुसऱ्या एखाद्या नवऱ्याला लफड्याचा संशय आला असता. पण ग्वेंडा समुपदेशक होती, आणि क्लिफर्डला तिचा नियम पाठ होता: समुपदेशकाने आपल्याकडे येणाऱ्या माणसाला रस्त्यात आपणहून ओळख द्यायची नाही. म्हणजे हा गडी दर आठवड्याला तासभर ग्वेंडासमोर बसतो. त्याला तेच सोसेना.

"चीज घ्यायचंय, की नुसता वास घेत उभा राहणार आहेस?" ग्वेंडा म्हणाली.

ग्वेंडाने बावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांना वाढलं. कुठलं पोर घरून रडून आलंय, हे तिला ताट पुढे करतानाच कळायचं. पन्नाशीत तिने चार वर्षं संध्याकाळचे वर्ग केले. स्वतःही एका समुपदेशकापुढे बसून मन मोकळं करून आली, कारण शिक्षणात तेही असतं. आता चर्चमागच्या गल्लीत तिची समुपदेशनाची खोली होती, आणि तिच्या वेबसाइटवर लिहिलं होतं: 'मी उपदेश करत नाही. एकच पद्धत सगळ्यांच्या माथी मारत नाही. ज्याला जे लागू पडेल ते. तुमचं तुम्हालाच माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी तुमच्याबरोबर बसते आणि ऐकते.' यातले पूर्णविराम क्लिफर्डनेच तपासून दिले होते.

ऐकते म्हणे! घरी मात्र दिव्याखाली अंधार.

त्याला एक सांगायचं होतं. फेब्रुवारीत त्याचा भाऊ ट्रेवर गेला. त्याच्या आदल्या रविवारी ट्रेवरचा फोन आला होता. क्लिफर्डने नाव पाहिलं, आणि मॅच चालू होती म्हणून उचलला नाही. एवढंच. पण ते त्याच्या घशात अडकून बसलं होतं. दोनदा त्याने विषय काढला.

"ग्वेंडा, ट्रेवरचा त्या दिवशी..."

"हं. बोल ना. ते बटाटे दे इकडे. आणि वाळत घातलेले कपडे आत आण, आभाळ आलंय."

बाजारातून आल्यावर क्लिफर्डने तिला 'बीवन' या खोट्या नावाने ईमेल पाठवली. तासाभरात उत्तर आलं: 'प्रिय मिस्टर बीवन, तुम्ही लिहिलंत, यातच मोठं धाडस आहे. गुरुवारी दोनला या. बोलायची घाई नाही.' क्लिफर्डने ते तीनदा वाचलं, आणि त्याला या बीवनचा संताप आला. लग्नाला एकतीस वर्षं झाली, बोलायची घाई नाही असं त्याला कोणी कधी म्हटलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी ग्वेंडाने निळं स्वेटर घातलं, बागेतली शेवंती कापली.

"कोणासाठी एवढं?"

"नवीन माणूस येतोय. खोली जरा बरी दिसू दे."

क्लिफर्डचा नुसता जळफळाट झाला. त्या झाडाला पाणी तो घालत होता.

दोनला पाच कमी असताना त्याने त्या खोलीची घंटा वाजवली. दार उघडलं. समोर ग्वेंडा होती, पण तिचा असा चेहरा त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. या, तुम्ही जे काही असाल ते या, असं म्हणणारा चेहरा. आता सांगायचं, इथेच, उंबऱ्यात.

मग तिने त्याला ओळखलं, आणि तो चेहरा गेला.

"तू? बॉयलर बंद पडला का परत?"

"नाही. बॉयलर ठीक आहे."

"मग किल्ली विसरलास. क्लिफ, आत्ता नको रे, माझा माणूस येईल एवढ्यात." ती त्याच्या खांद्यावरून गल्लीच्या तोंडाकडे बघू लागली, आणि तो चेहरा परत आला. "पहिल्यांदाच येतोय. दारात गर्दी बघून लाजून परत जायचा बिचारा. बाजूला हो ना जरा."

क्लिफर्ड बाजूला झाला.