चाळीस पिंपं आफिया

तुहामीचा दगड डावीकडचा. संगणकावरच्या खेळातल्या त्या निळसर ग्रहावरच्या बंद दारासमोर दोन चपटे दगड होते, आणि दोन्हींवर कुणीतरी उभं राहिल्याशिवाय दार उघडत नसे. परग्रहवासीयांचं हे बारावं ठाणं. आधीची अकरा त्यानं आणि हैथमनं चार वर्षांत मिळून शोधली होती. तुहामी मोरोक्कोतल्या तेतुआनचा, हैथम जॉर्डनमधल्या इर्बिदचा. प्रत्यक्ष भेट कधीच नाही. तुहामीची बहीण पुदिन्याचा चहा त्याच्यापुढे आदळत म्हणायची, कोपऱ्यावरून पाव आणायचा म्हटलं की याचे गुडघे दुखतात, आणि तिकडे नवे ग्रह तुडवतोय.

ओळख भांडणातूनच झाली होती. तुहामी पहिल्या ठाण्याची वाळू उपसत असताना अनोळखी हैथमनं लिहिलं होतं, "अल्ला तुला आफिया देवो." इर्बिदला कष्ट करणाऱ्या माणसाला असंच म्हणतात; आफिया म्हणजे अंगातली ताकद, तब्येत. तेतुआनला मात्र आफिया म्हणजे आग. तुहामीनं फणकाऱ्यानं उत्तर दिलं, "तुझ्याच घराला लागो." खुलासा झाल्यावर दोघं पोट धरून हसले. तेव्हापासून यानाच्या इंधनाला ते आफियाच म्हणू लागले, आणि रोजचा निरोपही त्याच दोन वाक्यांनी घेऊ लागले.

महिन्यापूर्वी हैथमचा संदेश आला होता. "आफिया संपली रे, तुहामी."

यान कुठंतरी अडकलं, असं तुहामीला वाटलं. त्यानं लगेच लिहिलं, "जागचा हलू नकोस. घेऊन येतो." तीन दिवस खाणी खणून त्यानं चाळीस पिंपं इंधन भरलं आणि बाराव्या दारापाशी, हैथमच्या दगडाला लागून रचून ठेवलं. मग रोज तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर, तो तिथं जाऊन उभा राही. हैथम येईना. नवरदेवासारखं वाजतगाजत आणायला हवं का, असा टोमणाही त्यानं मारून पाहिला.

आज हैथमची तांबड्या शिरस्त्राणाची आकृती अडखळत आली आणि पिंपांना धडकली. तुहामीला इतका आनंद झाला की लिहिताना चुका झाल्या.

उत्तर आलं, "काका, मी रुवैदा. त्यांची मुलगी."

बाबांना पुरून तीन आठवडे झाले, असं तिनं कळवलं. छातीचं दुखणं वर्षभर होतं, पण तुहामीला सांगायचं नाही अशी ताकीद होती. मग तिनं लिहिलं, "तुमचा निरोप त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. म्हणाले, तुहामी आफिया घेऊन येतोय, दाराला कडी लावू नका. ते चेष्टा करत होते की खरंच वाट बघत होते, मला कळलं नाही. तुम्हाला माहीत असेल."

तुहामीनं पस्तीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली होती. अक्षराचा एखादा नुक्ता, एवढंसं टिंब गळलेलंही त्याच्या नजरेतून सुटत नसे. त्यानं तो जुना संदेश पुन्हा उघडला. चारच शब्द होते. यानाचा त्यात उल्लेखही नव्हता.

त्यानं काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी एवढंच पाठवलं, "मला इंधन वाटलं."

"कसलं इंधन, काका?"

"तुझ्या पायाशी आहे ते."

मग ती चुकतमाकत उजव्या दगडावर चढली. दार कुरकुरत बाजूला सरलं आणि शोधकांची नावं उमटली: हैथम, तुहामी. आत काय होतं, ते दोघांपैकी कुणीही जाऊन पाहिलं नाही.

घरी माणसं बसायला आली आहेत, कॉफी ठेवायला हवी, असं रुवैदानं लिहिलं. जाताना तिकडच्या रीतीप्रमाणे म्हणाली, "अल्ला तुम्हाला आफिया देवो, काका."

तुहामीची बोटं सवयीनं ठरलेल्या उत्तराकडे निघाली. त्यानं ती आवरली.

"आमीन," त्यानं लिहिलं.